‘सानुग्रह’ हा शब्द जरा जपून: मंत्रालयातल्या मसुदाकारांना पत्र

प्रति,
मंत्रालयात शासन निर्णयांचे मसुदे लिहिणारे सर्व कक्ष अधिकारी, अवर सचिव आणि उपसचिव

विषय: ‘एक्स ग्रेशिया’ ऊर्फ ‘सानुग्रह अनुदान’ या शब्दाच्या वापराबाबत

संदर्भ: माझी स्वतःची ३६ वर्षांची नोकरी

महोदय / महोदया,

‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ असं लिहायला हात अजून शिवशिवतो. आयुष्यभर तेच लिहिलं. एका तहसील कार्यालयात कारकून म्हणून लागलो, मध्ये दोन-तीन तालुके फिरलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आपली-माझी भेट कधी झाली नाही, पण ओळख जुनी आहे. शासन निर्णय आपण काढता. माणसाला समोर बसवून तो वाचून दाखवतो तो कारकून. तेव्हा आपल्या एखाद्या शब्दाचं खाली टेबलावर काय होतं, हे मला थोडंफार ठाऊक आहे. आज एकाच शब्दाबद्दल लिहितो.

२०२३ चा पावसाळा. एक बाई टेबलाशी आल्या. चाळिशीच्या आतल्या असतील. हातात खताच्या दुकानाची पिशवी, पिशवीत कागद. नवऱ्याला सोयाबीनच्या रानात साप चावला होता. दवाखान्यात आणेपर्यंत सगळं संपलं होतं. शेतकरी अपघाताच्या सरकारी मदतीचे कागद खरं तर तालुका कृषी कार्यालयात द्यायचे, पण मंजुरीच्या समितीचे अध्यक्ष तहसीलदार, म्हणून लोक फिरून फिरून आमच्याकडेच येत. मी कागद लावून बघितले. सातबारा होता, मृत्यूचा दाखला होता, पोलीस पंचनामा होता, पोस्टमॉर्टेमचा कागद होता, वारसांसाठी गाव नमुना सहा-क चा उतारा होता. पोराचा शाळेचा दाखलासुद्धा होता, जो कुणी मागितलाच नव्हता. मी म्हटलं, ‘‘ताई, सगळं बरोबर आहे. जा आता.’’ त्या उभ्याच. मग पदर सावरत हळूच म्हणाल्या, ‘‘भाऊसाहेब, अनुग्रहाचा दाखला कुणाकडनं आणायचा?’’

मला काही कळेना. ‘‘कसला दाखला?’’

‘‘ते वर लिवलंय न्हवं, सानुग्रह म्हणून. मालकांनी अनुग्रह घेतलेला, पाच वर्सं झाली. माळकरी होते. महाराज आता आळंदीला असतात. त्यांची चिठ्ठी आणली तर चालंल का?’’

हसू आलं ते तिथंच गिळलं. कारण मराठीच्या हिशेबाने चूक त्या बाईंची नव्हतीच. आपल्याकडे अनुग्रह गुरूकडून घेतात. तो तहसीलदाराकडूनही मिळतो, ही कल्पना आपली. म्हणजे तुमची आणि माझी.

‘एक्स ग्रेशिया’ हा मूळ लॅटिन प्रयोग. ‘एक्स’ म्हणजे ‘मधून’ किंवा ‘पोटी’, आणि ‘ग्रेशिया’ म्हणजे कृपा, मर्जी. देणाऱ्यावर कायद्याचं कसलंही बंधन नसताना त्याने आपल्या मर्जीने दिलेली रक्कम, एवढा त्याचा अर्थ. वकील आणि विमावाले तो वापरतात तो एका खास हेतूने: पैसे हातावर ठेवायचे आणि त्याच दमात सांगायचं की हे देतो आहोत म्हणून चूक कबूल केली असं समजू नका, आणि पुढच्या वेळी मागायलाही येऊ नका. पॉलिसीच्या अटीत न बसणारा दावा कंपनी कधीकधी ‘एक्स ग्रेशिया’ म्हणून भागवते, तो असा. त्या जागी शब्द चोख आहे, माझी काही तक्रार नाही.

आपण त्याचं मराठी केलं ‘सानुग्रह’. सह अनुग्रह, म्हणजे अनुग्रहासकट. लॅटिन शब्द पैसा कुठून आला ते सांगतो. आपला शब्द पैशाबरोबर आणखी काय घरी न्यायचं आहे ते सांगतो. दोन लाख रुपये आणि वर उपकार. भाषांतर करणाऱ्याच्या मनात असं काही नसणार, पण टेबलावर ते तसंच उतरतं.

लॅटिनमध्ये याच्या उलटा प्रयोगही आहे आणि न्यायालयांच्या निकालांत तो नेहमी भेटतो: ‘एक्स डेबिटो जस्टिशिए’, न्यायाच्या देण्यापोटी. जे मागणं अर्जदाराचा हक्क आहे आणि जे नाकारणं न्यायालयाच्या मर्जीवर नाही, ते. एक कृपेपोटी, दुसरं देण्यापोटी. खरं सांगायचं तर हा फरक कळायला मराठी माणसाला रोमपर्यंत जायची गरज नाही. वाण्याचं असतं ते देणं, देवळाला देतो ती देणगी. आमच्या तालुक्यातला अंगठेबहाद्दरसुद्धा या दोन शब्दांत गल्लत करणार नाही. गल्लत होते ती फक्त कागदावर.

आता थोडा इतिहास. तो मुंबईचाच आहे, आपल्या कार्यालयापासून लोकलने अर्ध्या तासाच्या आतला.

पहिल्या महायुद्धात मुंबईच्या कापड गिरण्यांनी बक्कळ नफा कमावला. महागाईने कामगार पिचला होता, तेव्हा १९१७ पासून मालकांनी पगारावर युद्धकाळाचा बोनस द्यायला सुरुवात केली. युद्ध संपल्यावर पुढची काही वर्षं महिन्याच्या पगाराएवढा वार्षिक बोनस मिळत राहिला. मग बाजार बसला आणि १९२३ चा बोनस मिळणार नाही, असं मालकांनी जाहीर केलं. १९२४ च्या जानेवारीत गिरण्या बंद पडल्या. लाखाहून अधिक कामगार बाहेर, आणि संप मार्चपर्यंत चालला. सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड. समितीने निर्वाळा दिला की दरवर्षी बोनस मागण्याचा, बजावून घेता येईल असा कुठलाही हक्क कामगारांनी सिद्ध केलेला नाही; रूढीने नाही, कायद्याने नाही, न्यायबुद्धीनेही नाही. एका वाक्यात सांगायचं तर, तो मालकांचा अनुग्रह होता. करायचा तेव्हा केला, नाही करायचा तेव्हा नाही.

परळ-लालबागच्या चाळींनी त्या निर्वाळ्याचं काय केलं असेल ते मी सांगायला नको. पण कायद्यालाही तो फार काळ पचला नाही. १९५० मध्ये मुंबईचे गिरणीमालक आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्यातला वाद कामगार अपील न्यायाधिकरणाकडे गेला आणि तिथे बोनस मोजायचं सूत्र ठरलं: नफ्यातून अमुक-अमुक वजा करा, उरलेल्या शिलकीत कामगाराचा वाटा आहे. वाटा आला म्हणजे मर्जी गेली. १९६५ साली बोनसचा कायदा झाला. किमान बोनस सुरुवातीला ४ टक्के होता, पुढे तो ८.३३ टक्के झाला. हा विचित्र अपूर्णांक कुठून आला, असं मला नोकरीला लागल्यावर वाटायचं. शंभराला बाराने भागून बघा. वर्षाच्या बारा पगारांतला एक पगार. १९२४ साली ‘तुमचा यावर हक्क नाही’ म्हणून जो महिन्याचा पगार नाकारला होता, तेवढाच.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. तो शब्द ‘ग्रेशिया’च्याच कुळातला. जुन्या नोकराने इमानाने सेवा केली म्हणून धन्याने खूश होऊन दिलेली रक्कम, असा त्याचा रुबाब होता. १९७२ च्या कायद्याने तिला गणितात बसवलं: सलग पाच वर्षं नोकरी झाली की पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि तोही महिन्याचे सव्वीस दिवस धरून. धनी खूश आहे की नाही हे कुणी विचारत नाही. नाव तेवढं जुनं राहिलं, जसं एखाद्या तरतरीत माणसाचं नाव दगडू असतं.

आणि पेन्शन. इथे मी स्वार्थी आहे, कारण महिन्याच्या एक तारखेला मी तिचीच वाट बघतो. दरवर्षी १७ डिसेंबरला आमच्या संघटनेचा पेन्शनर्स डे असतो. कार्यालयाचा हॉल, स्वागतगीत, पंच्याहत्तरी झालेल्यांना शाल-श्रीफळ, शेवटी चिवडा आणि चहा. आणि मधोमध कुणीतरी उठून डी. एस. नाकारा यांच्या खटल्याच्या निकालाबद्दल बोलतोच. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने, ज्याचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते, सांगितलं की निवृत्तिवेतन म्हणजे मालकाच्या लहरीवर अवलंबून असलेली खैरात नव्हे, एक्स ग्रेशिया रक्कम नव्हे. केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. मी ते भाषण तीन वेळा ऐकलंय. तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्यात, आणि तिसऱ्या वेळी वाजवता वाजवता हात थांबले. कारण मला आठवलं, की आपल्याबाबतीत ‘एक्स ग्रेशिया’ शब्द नाकारून इतका खूश होणारा हाच माणूस नोकरीत असताना तोच शब्द दुसऱ्यांच्या तोंडावर मारत होता.

ते आधी सांगून टाकतो. दहा-बारा वर्षांपूर्वी अतिवृष्टीत पडलेल्या घरांच्या मदतीची यादी लागली होती. एका म्हाताऱ्याचं नाव नव्हतं. तो चौथ्यांदा लेखी अर्ज घेऊन आला. अर्जात एकच प्रश्न: माझं नाव का नाही? खरं कारण एवढंच होतं की पंचनाम्यात त्याच्या घराचा मिळकत क्रमांक चुकला होता. शेजाऱ्याचा पडला होता. ते कबूल करायचं म्हणजे पंचनामा दुरुस्त करा, पुरवणी यादी पाठवा, वरून खुलासा मागतील तो द्या. मार्च महिना होता. मी उत्तर लिहिलं: ‘सदर मदत ही सानुग्रह स्वरूपाची असल्याने ती हक्क म्हणून मागता येणार नाही, याची नोंद घ्यावी.’ सही झाली, जावक क्रमांक पडला. म्हातारा पाचव्यांदा आला नाही.

अक्षर माझं, चूक माझी. पण ते वाक्य मला सुचलं कुठून? आपल्या मसुद्यातून. ‘सानुग्रह’ या शब्दाची खरी सोय अशी, की तो आला की कारण लिहावं लागत नाही. मर्जीला कारण कोण विचारतो?

आता उलट्या दिशेने गेलेलं एक उदाहरण, आणि या पत्राचं खरं निमित्तही तेच. शेतकऱ्यांच्या अपघाताची योजना राज्यात आधी विमा म्हणून चालायची, वेगवेगळ्या नावांनी, नंतर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने. हप्ता सरकार भरायचं, दावा विमा कंपनी बघायची. २०२३ च्या एप्रिलमध्ये विमा कंपनी बाजूला झाली आणि योजनेचं नाव झालं ‘गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना’. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये, दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास एक लाख.

बदल चांगला होता हे मी आधी मान्य करतो. विम्याच्या काळात मी त्रुटींची पत्रं वाचलेली आहेत. कंपनी एकेक कागद निवांत मागायची, एक दिला की दुसरा. वाहनाचा अपघात असला तर मेलेल्या माणसाचं लायसन्स शोधत त्याची बायको घरातल्या ट्रंका उपसायची. आता कंपनी नाही, निर्णय तालुक्यातच होतो, काम पुष्कळ सुटसुटीत झालं. पण जाताना एक गोष्ट गेली, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. विमा म्हटलं की करार आला, पॉलिसी आली. कंपनीने अडवलं तर वारस जिल्ह्याच्या ग्राहक मंचात जात, आणि मंचांनी अशा कित्येक प्रकरणांत दावा मंजूर करून वर व्याजही द्यायला लावलं. तिथे वकील नसला तरी चालतं, आणि जिल्ह्याच्या गावाला एसटी जाते. अनुग्रहाविरुद्ध मात्र ‘सेवेत त्रुटी’ अशी तक्रार लिहायची कशी? देवाने नवसाला उशिरा पावून सेवेत कसूर केली, असं लिहिण्यासारखंच ते. उच्च न्यायालयात रिट करता येतं, खरंय. पण दोन लाखांसाठी खंडपीठापर्यंत जाण्याची ऐपत असती, तर त्या बाई खताच्या पिशवीत कागद घेऊन माझ्यासमोर कशाला उभ्या राहिल्या असत्या?

म्हणजे बोनस, ग्रॅच्युइटी, पेन्शन हे तिघं कृपेकडून हक्काकडे चालत आले, त्यांना यायला पन्नास-साठ वर्षं लागली, आणि शेतकऱ्याचा अपघात एका शासन निर्णयात हक्काकडून कृपेकडे गेला. पैसे तेवढेच. फक्त नावात विम्याच्या जागी सानुग्रह.

आपल्यापैकी कुणी म्हणेल, शब्दाने काय होतं, कायदा कायद्याच्या जागी आहे. बरोबर. करोनाचं उदाहरण घ्या. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या बाराव्या कलमात मृत्यूबद्दल एक्स ग्रेशिया मदतीची मार्गदर्शक तत्त्वं ठरवण्याची तरतूद आहे. केंद्राचं म्हणणं पडलं की हे आमच्या अखत्यारीतलं आहे, बंधन नाही. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कलमातला शब्द आज्ञार्थी आहे, तत्त्वं ठरवावीच लागतील. रक्कम मात्र तुम्ही ठरवा. मग पन्नास हजार ठरले. न्यायालयाने पुढे तीस दिवसांची मुदत मान्य केली, जिल्ह्यात तक्रार निवारण समिती आली, आणि मृत्यूच्या दाखल्यावर करोना लिहिलेलं नाही एवढ्याच कारणावरून कुणाला नाकारता येणार नाही, असंही बजावलं गेलं. आता मला सांगा, मुदत आहे, समिती आहे, नाकारायला कारण लागतं, कायद्यात ‘करावंच’ असं आहे. मग यात कृपा उरली कुठे? नावात. फक्त नावात. पण आमच्याकडे अर्ज करणाऱ्या पोरक्या मुलाने निकाल वाचलेला नव्हता, त्याने नाव वाचलं होतं. तो दर खेपेला ‘साहेब, मेहरबानी करून बघा जरा’ म्हणत आत यायचा.

सरकारने खुशीने काही दिलं तरी ते लहरीने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालय १९७९ पासून सांगत आलं आहे. रमण दयाराम शेट्टी विरुद्ध विमानतळ प्राधिकरण हा तो निकाल, आणि त्याच्या मुळाशी होता विमानतळावरच्या उपाहारगृहाचा ठेका. तिथल्या वडा-सांबाराच्या ठेक्याला जो नियम, तो साप चावून मेलेल्या शेतकऱ्याच्या वारसाला लागू नाही असं तर आपणही म्हणणार नाही. एकदा आपण वय ठरवलं, रक्कम ठरवली, कागदांची यादी दिली, समिती नेमली, की अटीत बसणाऱ्याला नाही म्हणायची मुभा आपणच संपवलेली असते. मग शब्द कशाला ठेवायचा?

एक गंमतही सांगतो. २०२० च्या नोव्हेंबरात भाच्याचा फोन आला: ‘‘मामा, गृहकर्जाच्या खात्यात बँकेने काही पैसे टाकलेत आणि पुढे एक्स ग्रेशिया लिहिलंय. हा कोण परदेशी माणूस?’’ लॉकडाऊनमधल्या सहा महिन्यांच्या, म्हणजे मार्च ते ऑगस्टच्या, व्याजावर लागलेलं व्याज दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांना सरकार परत देत होतं, ते ते पैसे. कृपा म्हणून. पुढे २३ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या काळातलं व्याजावरचं व्याज कुणाकडूनच घेता येणार नाही. दोन कोटींची मर्यादाही नाही, घेतलं असेल तर परत करा किंवा पुढच्या हप्त्यात वळतं करा. पाच महिन्यांत कृपेचं देणं झालं. भाच्याला फरक पडला नाही, त्याने त्या पैशात पोरीसाठी टॅबचं कव्हर आणलं होतं.

हा शब्द मुळातून उपटून टाका, असं माझं म्हणणं नाही. रेल्वेकडे बघा. गाडीला अपघात होऊन प्रवासी गेला तर रेल्वे दावा न्यायाधिकरण आठ लाख रुपये भरपाई देतं. कुणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही, तो कायद्याने हक्क आहे. त्याशिवाय अपघातानंतर लगेच रेल्वे जी मदत देते ती एक्स ग्रेशिया, २०२३ पासून मृत्यूसाठी पाच लाख, आणि ती भरपाईतून कापली जात नाही. दोन पैसे, दोन नावं, दोन खिडक्या. कुणाचा गोंधळ नाही. मुंबई महापालिकेची दिवाळीही तशीच. स्थानिक संस्थांचे कर्मचारी बोनसच्या कायद्यातून वगळलेले, म्हणून तिथे ‘सानुग्रह अनुदान’, २०२४ साली २९ हजार रुपये. दरवर्षी आकडा वाटाघाटीत ठरतो, म्हणजे शब्द निदान खोटा नाही. (वर्तमानपत्रं तरी बोनसच छापतात, आणि कर्मचारीही बोनसच म्हणतात.) अंगणवाडी सेविकांना आपण ‘भाऊबीज भेट’ म्हणून दोन हजार देता. रकमेबद्दल त्या काय म्हणतात ते इथे लिहीत नाही, पण नाव तेवढं प्रामाणिक आहे: भेट आहे, ओवाळणी आहे, हक्क नाही, आणि तसा दावाही नाही.

तेव्हा मागणी लहान आहे. जिथे सरकार खरोखरच बांधलेलं नाही, जिथे रक्कम आणि माणूस दोन्ही मर्जीने ठरतात, तिथे ‘सानुग्रह’ खुशाल लिहा. जिथे अटी, रक्कम आणि निर्णय घेणारा आधीच ठरलेला आहे, तिथे ‘अर्थसाहाय्य’ लिहा, ‘देय मदत’ लिहा. ‘देय’ हा तर आपल्या लेखा शाखेचा रोजचा शब्द, ठेकेदाराच्या बिलावर तो बिनतक्रार बसतो. विधी विभाग हरकत घेईल, की यातून दायित्व निर्माण होईल. होऊ द्या की. दायित्व नको असेल तर योजना कशाला जाहीर करता? आणि नाव बदलणं अगदीच शक्य नसेल, योजनेला नेत्याचं नाव जोडलेलं असलं की पाटी बदलणं किती अवघड जातं हे मला माहीत आहे, तर निदान मसुद्याच्या शेवटी एक परिच्छेद वाढवा. मी आयुष्यभर आपले मसुदे टंकले, एक माझ्याकडून घ्या:

‘या योजनेतील अटी पूर्ण करणाऱ्या अर्जदारास मदत नाकारता येणार नाही. अर्ज नाकारल्यास त्याचे नेमके कारण अर्जदारास मराठीत, समजेल अशा भाषेत, लेखी कळवावे. मदत सानुग्रह स्वरूपाची आहे, हे नाकारण्याचे कारण समजले जाणार नाही. निर्णय मान्य नसल्यास दाद कोणाकडे व किती दिवसांत मागावी, हे त्याच पत्रात नमूद करावे.’

चार वाक्यं आहेत. शेवटून दुसरं गाळू नका. ते माझ्यासारख्यांसाठी आहे.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून

ता. क.: त्या बाईंचं प्रकरण मंजूर झालं, पैसे खात्यावर जमा झाले. मी सांगूनही त्यांनी महाराजांची चिठ्ठी आणलीच. वहीच्या आखीव कागदावर लिहिलेली, खाली तारीख आणि ‘राम कृष्ण हरी’. ‘सदर इसमाने माझेकडून अनुग्रह घेतला होता व तो शेवटपर्यंत पाळला’ एवढाच मजकूर. परत द्यायचं जिवावर आलं, म्हणून आमच्याकडच्या नस्तीत लावली. आवक क्रमांक दिला, पान क्रमांक टाकला. लेखापरीक्षणात आजवर कुणी आक्षेप घेतलेला नाही.